फिशिंग ॲपला न दिसणारा प्राणी: पालघर-तारापूरच्या समुद्रातलं झूप्लँक्टन

सुकट माहीत नाही असा माणूस आपल्या पट्ट्यात सापडणार नाही. पालघर, बोईसर, डहाणू इथल्या मासे खाणाऱ्या घरांत पावसाळा काढायचा तो सुका जवळा आणि सुके बोंबील यांच्या जोरावरच. पण जवळा म्हणजे नक्की काय, असं विचारलं तर दहापैकी आठ जण सांगतात, कोळंबीची पिल्लं. तसं नाहीये. जवळा ही वेगळीच जात आहे. शास्त्रीय नाव ॲसेटिस इंडिकस, पूर्ण वाढ झाली तरी लांबी साधारण २ ते ४ सेंटिमीटर. तो तळाशी बसत नाही, आयुष्यभर पाण्यात तरंगत राहतो आणि भरती-ओहोटी नेईल तिकडे जातो. पाय मारतो, पण प्रवाहाला हरवू शकत नाही. अशा जिवांना विज्ञानात प्लँक्टन म्हणतात, मराठीत प्लवक. त्यातले जे प्राणी आहेत ते झूप्लँक्टन म्हणजे प्राणिप्लवक, आणि जे सूर्यप्रकाशावर जगतात ते फायटोप्लँक्टन म्हणजे वनस्पतिप्लवक. जवळा हा प्राणिप्लवकांमधला दांडगा मेंबर. बाकीचे बहुतेक डोळ्यांना नीट दिसतही नाहीत.

आता दुसरी गोष्ट. मासे कुठे मिळतील हे सांगणारी सरकारी सेवा आहे, हे तुम्ही ऐकलं असेल. हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था ‘संभाव्य मासेमारी क्षेत्र’ नावाचा सल्ला काढते. तो मराठीतही येतो, मोबाइलवर येतो, आणि त्यात अमुक बंदरापासून अमुक दिशेला इतके किलोमीटर, इतकी खोली, अशी थेट माहिती असते. सेवा खरोखर चांगली आहे, डिझेल वाचवते. पण मी स्वतः डेटावर काम करतो, त्यामुळे सवयीने पहिला प्रश्न पडतो: हा नकाशा नेमकं काय मोजून बनतो? उत्तर आहे, पाण्याचं तापमान आणि पाण्याचा हिरवेपणा. म्हणजे वनस्पतिप्लवक. पण आपले मासे बहुतेक हिरवं खात नाहीत. हिरवं खातात प्राणिप्लवक, आणि प्राणिप्लवकांना खातात मासे. साखळीतली ही मधली कडी उपग्रहाला जवळजवळ दिसतच नाही. आजचा लेख त्या मधल्या कडीबद्दल आहे, आणि तारापूरच्या किनाऱ्यावर ती मोजणं आत्ताच का गरजेचं आहे त्याबद्दल.

कोण कोण असतं या गर्दीत?

संख्येने सगळ्यात जास्त असतात ते कोपेपॉड. आकार साधारण अर्धा ते दोन मिलिमीटर, तांदळाच्या कणीपेक्षाही लहान. पुढे दोन लांब मिशा, बऱ्याच जातींना मध्ये एकच लाल डोळा. कोळंबी-खेकड्यांचे हे लांबचे नातेवाईक. जगातल्या सगळ्यात जास्त संख्येच्या बहुपेशीय प्राण्यांमध्ये यांची गणना होते, तरी त्यांचं नाव कोणी घेत नाही. इतक्या लहान जिवाला पाणी आपल्यासारखं पातळ वाटत नाही, मधासारखं दाट वाटतं. मिशा पसरून तो त्यात लटकून राहू शकतो. पाय मारणं थांबवलं की जागच्या जागी थांबतो, आपल्यासारखा पुढे घसरत जात नाही. अंड्यातून बाहेर आल्यावर बालरूपाच्या सहा पायऱ्या, मग पुढच्या रूपाच्या सहा, दर वेळी कात टाकायची, आणि आपल्या उबदार पाण्यात हे सगळं काही आठवड्यांतच उरकतं.

मग बाणासारखे पारदर्शक बाणकृमी, जे कोपेपॉडची शिकार करतात. मग जेलीफिश. हो, जेलीफिश कितीही मोठा असला तरी तोही प्लँक्टनच, कारण प्लँक्टन ठरतं ते आकारावरून नाही, प्रवाहाविरुद्ध जाता येतं की नाही यावरून.

आणि मग आहेत तात्पुरते भाडेकरू. खेकडा, कोळंबी, कालवं, खडकाला चिकटलेले बार्नकल, हे सगळे लहानपणी काही दिवस किंवा आठवडे प्राणिप्लवक म्हणून तरंगत असतात. खेकड्याचं पिल्लू तर इतकं वेगळं दिसतं, डोक्यावर शिंग वगैरे, की पूर्वी त्याला वेगळाच प्राणी समजून वेगळं नाव दिलं होतं. पापलेटसकट बहुतेक समुद्री माशांची अंडी आणि पिल्लंही याच गर्दीत असतात. म्हणजे बाजारात दिसणाऱ्या बऱ्याचशा गोष्टींचं बालपण या तरंगत्या पाळणाघरात जातं.

पापलेटचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ४ सप्टेंबर २०२३ रोजी चंदेरी पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर झाला. पालघरजवळचं सातपाटी हे गाव पापलेटसाठी प्रसिद्ध. हा राजा मासा खातो काय? जेलीफिशसारखे मऊ, पाणीदार जीव, कोपेपॉड आणि इतर प्राणिप्लवक. आणि बोंबील? तो जवळ्यावर तुटून पडतो. म्हणजे ताटातला तळलेला बोंबील हा एका अर्थाने जवळ्याचाच बनलेला असतो.

उपग्रहाला काय दिसतं आणि काय नाही

आता थोडं टेक्निकल. इस्रोने २६ नोव्हेंबर २०२२ रोजी ओशनसॅट-३ सोडला. त्यावर समुद्राचा रंग बघणारा कॅमेरा आहे. तुमच्या फोनचा कॅमेरा लाल, हिरवा, निळा असे तीन रंग मोजतो. हा १३ वेगवेगळ्या पट्ट्यांत प्रकाश मोजतो. तत्त्व सोपं आहे. वनस्पतिप्लवकांत क्लोरोफिल असतं, ते निळा प्रकाश शोषतं. त्यामुळे समुद्रातून परत येणाऱ्या प्रकाशात निळा कमी आणि हिरवा जास्त झाला, की सॉफ्टवेअर म्हणतं इथे क्लोरोफिल जास्त आहे. त्याला तापमानाच्या नकाशाची जोड दिली, थंड आणि उबदार पाण्याच्या सीमारेषा शोधल्या, की मासे जमण्याची शक्यता असलेल्या जागा मिळतात. कारण अशा सीमारेषांवर अन्न गोळा होतं आणि त्या काही दिवस टिकतात.

पण इथे तीन गोची आहेत.

पहिली, वेळेची. पाणी हिरवं झालं म्हणजे लगेच कोपेपॉड वाढले असं होत नाही. वनस्पतिप्लवक एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकतात, कोपेपॉडला पिढी उभी करायला आठवडे लागतात. एखादी वेबसाइट अचानक व्हायरल होते पण सर्व्हर वाढवायला वेळ लागतो, तसंच काहीसं. बऱ्याचदा प्राणिप्लवक वाढून गर्दी करतात तोपर्यंत त्यांनी सगळं हिरवं खाऊन टाकलेलं असतं. मग उपग्रहाच्या नकाशावर ती जागा रिकामी दिसते, आणि प्रत्यक्षात तिथे जत्रा भरलेली असते!

अरबी समुद्रात तर याचं एक प्रसिद्ध कोडंच आहे. इथे पावसाळ्यात आणि हिवाळ्यात हिरवळ वाढते, मधल्या काळात उतरते. मग प्राणिप्लवकही चढ-उतार व्हायला हवेत ना? पण खुल्या अरबी समुद्राच्या वरच्या थरात त्यांचं एकूण प्रमाण वर्षभर बऱ्यापैकी सारखंच सापडलं. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या, म्हणजे एनआयओच्या, शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात यावर बरंच काम केलं. ‘अरबी समुद्राचा विरोधाभास’ या नावाने ते ओळखलं जातं. त्याचा खुलासा असा दिला जातो की हिरवळ कमी झाली की जिवाणू आणि त्यांना खाणारे एकपेशीय जीव यांची दुसरी अन्नसाखळी चालू होते आणि प्राणिप्लवक त्यावर तग धरतात. ही दुसरी साखळी हिरवी नसते. म्हणजे रंग बघणाऱ्या कॅमेऱ्याला तिचा पत्ताच नाही.

दुसरी गोची खास आपल्या किनाऱ्याची. तारापूर, चिंचणी, नवापूर, सातपाटी, कुठेही किनाऱ्यावर उभे राहा, पाणी निळं नसतं, मातकट असतं. खंबातचं आखात उत्तरेला जवळच आहे, भरती-ओहोटीतला फरक मोठा, त्यामुळे गाळ सतत ढवळला जातो. हा गाळ आणि खाड्यांमधून येणारं कुजलेल्या पानांचं पिवळसर पाणी, दोन्ही निळा प्रकाश खातात. सॉफ्टवेअरला वाटतं क्लोरोफिल आहे. खोल समुद्रात चांगला चालणारा फॉर्म्युला किनाऱ्याजवळ चुकीचा आकडा देऊ शकतो, तो यामुळे. जगभर या ‘गढूळ पाण्या’साठी वेगळी अल्गोरिदम बनवायचं काम चालू आहे, पण अजून हा सुटलेला प्रश्न नाही.

तिसरी गोची, हिरवं म्हणजे वनस्पती हे गृहीतकच कधी कधी कोसळतं. नॉक्टिलुका नावाचा एकपेशीय जीव आहे. रात्री लाटांमध्ये निळा उजेड चमकतो ते व्हिडिओ तुमच्या रील्समध्ये आलेच असतील. नोव्हेंबर २०२० मध्ये जुहूपासून कोकणापर्यंतचे असे व्हिडिओ खूप फिरले होते. तो उजेड याचा. नॉक्टिलुका दुसऱ्यांना खातो, म्हणून त्याला सूक्ष्म प्राणिप्लवकांत धरायची पद्धत आहे. पण उत्तर अरबी समुद्रातल्या त्याच्या हिरव्या प्रकाराच्या पोटात जिवंत हिरवे शैवाल राहतात आणि प्रकाशावर अन्न बनवतात. म्हणजे तो शेतकरीही आणि शिकारीही. उपग्रहाला तो फक्त हिरवा दिसतो. गंमत अशी की कोपेपॉडसाठी तो फारसा कामाचा नाही, त्याला प्रामुख्याने जेलीफिश आणि सॅल्पसारखे पाणीदार जीव खातात. २००० नंतरच्या वर्षांत उत्तर अरबी समुद्रातल्या हिवाळी हिरवळीत त्याचं राज्य वाढलंय. २०१४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मधल्या एका अभ्यासात त्याचा संबंध पाण्यातल्या घटत्या ऑक्सिजनशी जोडला गेला. नंतर भारतीय संशोधकांनी ऑक्सिजन पुरेसा असलेल्या पाण्यातही हा फुलोरा नोंदवला, त्यामुळे वाद चालू आहे. पण नकाशावरचा एकच हिरवा ठिपका दोन अगदी वेगळ्या अन्नसाखळ्या दाखवत असू शकतो, एवढं मात्र नक्की.

वाहत जाणारे, पण अगदीच हताश नाहीत

प्रवाहाविरुद्ध पोहता येत नाही, मग हे जीव एका ठिकाणी टिकतात कसे? तारापूरजवळचा कोपेपॉड दोन दिवसांत गुजरातला आणि चार दिवसांत ओमानला का पोहोचत नाही?

युक्ती आहे वर-खाली जाण्यात. आडवं पोहून प्रवाह हरवता येत नाही, पण उभं पोहून प्रवाह निवडता येतो! पृष्ठभागाचं पाणी वेगाने वाहतं, तळाजवळचं हळू. खेकड्यांची काही पिल्लं भरतीला वर येतात आणि खाडीकडे वाहत जातात, ओहोटी लागली की तळाशी जाऊन बसतात. तिकीट न काढता लिफ्टने योग्य मजल्यावर जाऊन बस पकडावी, तसं. त्यामुळे काही जाती खाडीत टिकून राहतात आणि काही बाहेर पसरतात.

खोल समुद्रात तर रोज रात्री मोठी यात्रा निघते. दिवसा मासे डोळ्यांनी शिकार करतात, म्हणून असंख्य प्राणिप्लवक दिवसभर अंधाऱ्या खोलीत दडतात आणि संध्याकाळी वर चरायला येतात, पहाटे परत. वजनाच्या हिशेबाने पृथ्वीवरचं हे प्राण्यांचं सगळ्यात मोठं स्थलांतर आणि ते रोज होतं. दुसऱ्या महायुद्धात सोनार चालवणाऱ्यांना समुद्राच्या मध्येच एक खोटा तळ दिसायचा आणि तो रात्री वर सरकायचा. ते हे प्राणी होते. २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात उपग्रहावरच्या लेझरने ही रात्रीची यात्रा टिपली गेली. म्हणजे उपग्रहाला प्राणी थोडेफार दिसायला लागलेत, पण कोण आहेत ते नाही, फक्त काहीतरी हललं एवढंच.

तारापूरसमोरचं पाणी उथळ आहे, त्यामुळे इथे खरा मालक भरतीच. आणि हे आपल्या मच्छीमारांना शास्त्रज्ञांच्या खूप आधीपासून माहीत आहे. डोल जाळं बघितलंय? शंकूसारखी मोठी पिशवी. ती ओढत नेत नाहीत, प्रवाहात एका जागी बांधून ठेवतात. भरती-ओहोटीचं पाणी आतून जातं, आणि पाण्याबरोबर वाहणारं सगळं शेपटाच्या बारीक भागात साठतं: जवळा, बोंबील, मांदेली, करंदी. उधाणाला प्रवाह जोरात, भांगाला मंद, त्यावर जाळ्याचं वेळापत्रक. खाडीत याचीच छोटी बहीण म्हणजे बोक्षी. आता शास्त्रज्ञ प्राणिप्लवक गोळा करायला काय वापरतात बघा: शंकूसारखं जाळं, तोंडाला गोल कडं, शेपटाला बाटली. डिझाइन तेच. फक्त छिद्र मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढं, आणि तोंडात किती पाणी गेलं ते मोजणारा छोटा पंखा. डोल आणि प्लँक्टन नेट ही एकाच कल्पनेची दोन व्हर्जन्स आहेत, असं मला नेहमी वाटतं.

अणुऊर्जा केंद्र, कारखाने आणि एक साधं गणित

तारापूरचं अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून वीज देतंय. पहिली दोन युनिट लहान, आज प्रत्येकी १६० मेगावॉटची. नंतर २००५-०६ मध्ये ५४० मेगावॉटची दोन आली. किरणोत्सर्गावर सगळे बोलतात, पण प्राणिप्लवकांच्या दृष्टीने रोजचा विषय वेगळाच आहे: थंड करण्यासाठी लागणारं समुद्राचं पाणी. हे अणुऊर्जेपुरतं नाही, किनाऱ्यावरचं कोळशाचं केंद्रही असंच चालतं.

अशा केंद्रात तयार होणाऱ्या उष्णतेपैकी साधारण ३० टक्क्यांचीच वीज बनते. बाकीची फेकावी लागते. म्हणजे ५४० मेगावॉट विजेसाठी ढोबळमानाने १२०० मेगावॉट उष्णता समुद्रात जाते. किनाऱ्यावरच्या नव्या औष्णिक केंद्रांसाठी आपल्याकडे नियम आहे की सोडलेलं पाणी समुद्रापेक्षा ७ अंशांहून जास्त गरम नसावं. तोच ७ अंशांचा फरक धरून मी कागदावर गणित केलं. एक किलो समुद्रपाणी एक अंश तापवायला सुमारे ४ किलोज्यूल लागतात. म्हणजे सेकंदाला साधारण ४३ हजार किलो पाणी हवं, ४० घनमीटरच्या वर. एका मिनिटात एक ऑलिंपिक तलाव, तोही एका युनिटसाठी. हा केंद्राचा अधिकृत आकडा नाही, फक्त प्रमाण कळावं म्हणून केलेला हिशेब.

आता त्या पाण्यात कोपेपॉड आहेत, माशांची अंडी आहेत, खेकड्यांची पिल्लं आहेत. मोठे मासे जाळीवर अडतात, हे जीव जाळीतून आत जातात. आत पंपाचा दणका, अचानक उष्णता, आणि पाइपमध्ये बार्नकल-शिंपले चिकटू नयेत म्हणून वापरलं जाणारं क्लोरीन. त्यातून किती वाचतात ते जातीवर, ऋतूवर आणि क्लोरीनच्या मात्रेवर अवलंबून असतं. ऋतू महत्त्वाचा अशासाठी की उष्ण कटिबंधातले जीव आधीच आपल्या वरच्या मर्यादेजवळ जगत असतात. जानेवारीत ७ अंश वाढले तर कदाचित चालून जाईल, मे महिन्यात समुद्र स्वतःच ३० अंशांवर असताना तेच ७ अंश जड जातात.

त्यात तारापूर एमआयडीसीचं सांडपाणी. प्रक्रिया करून ते पाइपलाइनने नवापूरच्या बाजूला समुद्रात जातं. प्रक्रिया किती नीट होते यावर वाद जुना आहे. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये हे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे नेलं होतं. माझा मुद्दा इतकाच: मासे मेलेले दिसले की बातमी होते, पण त्याच्या आधी प्राणिप्लवकांतल्या नाजूक जाती कमी होतात आणि चिवट जाती उरतात, त्याची बातमी होत नाही. एकूण वजन तेवढंच राहतं, पण यादी छोटी होते. डॅशबोर्डवर फक्त टोटल बघणाऱ्याला सगळं ठीक दिसतं.

उलटा हिशेबही आहे बरं का. प्राणिप्लवक वीज केंद्र बंद पाडू शकतात! ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रान्समधल्या ग्राव्हलिन अणुऊर्जा केंद्राच्या पाण्याच्या जाळ्यांत जेलीफिशचे ढीग अडकले आणि चार अणुभट्ट्या बंद झाल्या. २०१३ मध्ये स्वीडनच्या ओस्कार्सहाम्नला तेच, २०११ मध्ये स्कॉटलंडच्या टॉर्नेसला तेच. आपल्याकडे कल्पाक्कमच्या केंद्रातही जेलीफिशचा त्रास नोंदलेला आहे. म्हणजे या जिवांची गणना ठेवणं हा केवळ निसर्गप्रेमाचा विषय नाही, वीज केंद्राच्या मेंटेनन्सचाही आहे.

वाढवण बंदर आणि बॅलास्ट पाणी

३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. खर्च सुमारे ७६ हजार कोटी रुपये, आणि जागा तारापूरपासून उत्तरेला हाकेच्या अंतरावर. मच्छीमारांचा विरोध आणि सरकारची बाजू, दोन्ही तुम्ही वाचलं असेल. मी इथे फक्त एका तांत्रिक गोष्टीवर बोलतो, जी चर्चेत फार येत नाही.

जहाज रिकामं किंवा हलकं असताना डगमगू नये म्हणून पोटात समुद्राचं पाणी भरतं. हे बॅलास्ट पाणी. एका बंदरात भरायचं, दुसऱ्या बंदरात सोडायचं. पाण्याबरोबर तिथले प्राणिप्लवकही प्रवास करतात. जो जीव स्वतःच्या बळावर ओमान ओलांडू शकला नसता, तो काही आठवड्यांत अर्धी पृथ्वी फिरतो.

यातून काय होऊ शकतं याचं नेहमीचं उदाहरण काळ्या समुद्राचं. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरची एक कोंब-जेली, नीमिऑप्सिस, १९८० च्या दशकात बॅलास्टमधून तिथे पोहोचली. तिला खाणारा कोणी नव्हता. तिने प्राणिप्लवक आणि माशांची अंडी-पिल्लं खायचा सपाटा लावला, आणि आधीच जास्तीच्या मासेमारीने थकलेला तिथला अँचोव्हीचा धंदा दशक संपता संपता कोसळला. १९९७ मध्ये तिला खाणारी दुसरी कोंब-जेली तिथे पोहोचली तेव्हा कुठे जरा आटोक्यात आलं. अँचोव्ही म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातला मासा.

यावर आता आंतरराष्ट्रीय करार आहे, ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू. त्याच्या नियमाप्रमाणे सोडलेल्या बॅलास्ट पाण्याच्या एका घनमीटरमध्ये ५० मायक्रॉन किंवा त्याहून मोठे जिवंत जीव दहापेक्षा कमी असायला हवेत. जहाजांवर गाळणी आणि अतिनील किरणांची यंत्रं बसवतात ती यासाठी. नियम चांगला आहे. पण समजा उद्या डहाणू-तारापूरच्या पाण्यात एखादी अनोळखी जात सापडली, तर ती नवी आहे की आधीपासून होती, हे ठरवणार कसं? त्यासाठी बंदर सुरू होण्याआधीची यादी हवी. सॉफ्टवेअरच्या भाषेत, रिलीजच्या आधीचा बॅकअप.

पर्यावरण परिणाम अहवालांमध्ये प्राणिप्लवकांचा तक्ता असतोच. पण तो काही ठिकाणचा, काही दिवसांचा, आणि पीडीएफमध्ये चिकटवलेला. भरतीला घेतलेला नमुना आणि ओहोटीला घेतलेला नमुना वेगळा येतो, उधाण आणि भांग वेगळे, डिसेंबर आणि मे तर अगदीच वेगळे. एवढ्या हलत्या गोष्टीचे चार फोटो काढून सिनेमा कळत नाही. माझं मत विचाराल तर दर महिन्याला, ठरलेल्या जागी, ठरलेल्या भरतीला, निदान काही वर्षं नमुने घ्यावेत आणि डेटा सगळ्यांना उघडा ठेवावा. खर्च बंदराच्या तुलनेत चिल्लर आहे.

सलग मोजणीने काय हाती लागतं, हे उत्तर अटलांटिकमध्ये दिसलंय. तिथे १९३१ पासून मालवाहू जहाजांच्या मागे एक यंत्र ओढतात, त्यात रेशमी पट्टीवर प्लँक्टन अडकत जातं. त्या डेटावरून २००२ मध्ये कळलं की चाळीस वर्षांत उबदार पाण्यातले कोपेपॉड १० अंश अक्षांशांहून जास्त उत्तरेला सरकलेत. आपल्याकडेही मोठी सुरुवात झाली होती. १९६० च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहिमेत एकसारखी जाळी, २०० मीटरवरून वर ओढायची, असा नियम ठरवून नमुने घेतले गेले आणि त्यांची छाननी कोचीनच्या केंद्रात झाली. ती मोहीम संपल्यावर १९६६ मध्ये एनआयओ उभी राहिली.

मोजणार कोण? आता कॅमेरा आणि कोड

अडचण अशी की मोजणी म्हणजे मायक्रोस्कोपखाली तासन्‌तास डोळे फोडणं. इथे आपल्यासारख्यांचं काम सुरू होतं. डिसेंबर २०१४ मध्ये कॅगलवर प्लँक्टन ओळखायची स्पर्धा सुरू झाली होती. पाण्यात बुडवलेल्या कॅमेऱ्याने काढलेले सुमारे ३० हजार लेबल केलेले फोटो, १२१ वर्ग. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या टीमने ती डीप लर्निंग वापरून जिंकली. मशीन लर्निंग शिकत असाल तर मांजर-कुत्रा सोडा आणि हा डेटासेट घ्या. काही वर्गांत हजारो फोटो, काहींत जेमतेम दहा-वीस, त्यामुळे खरी कसरत होते. पण त्या स्पर्धेतलं मॉडेल तसंच उचलून तारापूरला लावलं तर ते गाळाच्या कणांनाही कोपेपॉड म्हणेल. आपल्या पाण्याचे फोटो आपल्याच माणसांनी लेबल करावे लागतील.

हार्डवेअरही स्वस्त होतंय. स्टॅनफर्डमधल्या मनू प्रकाश यांच्या प्रयोगशाळेतून आलेलं प्लँक्टोस्कोप हे रास्पबेरी पायवर चालणारं ओपन सोर्स यंत्र आहे, डिझाइन फुकट उपलब्ध. त्यांचाच कागदी मायक्रोस्कोप, फोल्डस्कोप, तर फोनच्या कॅमेऱ्याला चिकटतो.

तेही नको असेल तर घरगुती प्रयोग करा. जुना नायलॉनचा मोजा घ्या, तोंडाला तारेचं कडं, टोकाला छोटी प्लॅस्टिकची बाटली बांधा. भरती चढत असताना धक्क्यावरून दोरीने दहा मिनिटं पाण्यात धरा. पावसाळ्यात नको, एकट्याने नको, आणि अणुऊर्जा केंद्राच्या आसपास तर अजिबात नको, तो प्रतिबंधित भाग आहे. बाटलीतलं पाणी घरी आणून काळ्या ताटलीत ओता, दिवे बंद करा आणि एका बाजूने मोबाइलचा टॉर्च धरा. काही मिनिटांत उजेडाकडे ठिपके जमायला लागतील. झटके देत पळणारे ते बहुतेक कोपेपॉड. फोनच्या मॅक्रो मोडमध्ये मिशा दिसतात. फोटो आयनॅचरलिस्टवर तारीख, जागा आणि भरतीची वेळ टाकून चढवा. भरतीची वेळ लिहायला विसरू नका, नाहीतर तो फोटो फक्त सुंदर राहतो, डेटा होत नाही. काम झालं की पाणी परत खाडीत.